पाल्याला दाखवलेलं ऊन

मी चिडकी आहे, हे आधीच कबूल करते. लहानपणापासूनच. घरात म्हणायचे, हिच्या नाकावर माशी बसली तर आधी माशीचीच काळजी करा. पण ज्या उन्हाळ्याबद्दल लिहितेय त्या उन्हाळ्यात मी चिडले कमी आणि घाबरले जास्त. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून घरच्यांनी नेहमीसारखं दुर्लक्ष केलं.

छत्तीसगड नुकतंच वेगळं झालं होतं आणि जबलपुरात जो तो म्हणायचा, गेली बाप्पा सारी वीज तिकडे. दिवसातून तीन-तीनदा बत्ती गुल. मी तेव्हा अधारतालकडच्या एका प्रयोगशाळेत पीएच.डी. करत होते, आणि माझं अर्धं काम विजेवर चालणारं. झाडपाला कसा वाळवला आणि त्याचा अर्क कसा काढला म्हणजे त्यातला औषधी गुण टिकतो, हा माझा विषय. नागपूरचे नातेवाईक आले की विचारायचे, काय शिकून राहिली? मी सांगितलं की एकमेकांकडे बघायचे. एका मावशीनं तर तोंडावर विचारलं, "पाला वाळवाले कॉलेजात जा लागते?"

झाड होतं मुनग्याचं. पुण्या-मुंबईकडे त्याला शेवगा म्हणतात आणि शेंगा आमटीत टाकतात. पानांकडे कोणी फारसं बघत नाही. आपल्या अंगात आतल्या आत जी झीज होते, लोखंडाला गंज चढावा तशी, ती थोपवणारी द्रव्यं या पानांत भरपूर. अँटिऑक्सिडंट म्हणतात त्यांना. पण जातीची भलती नाजूक. ऊन लागलं की कमी, फार तापवलं की कमी, आणि पाला नुसता ओला पडून राहिला तरी कमी. म्हणून मी त्याच त्या झाडांचा पाला तीन तऱ्हांनी वाळवायचा ठरवला होता: कडक उन्हात, ओव्हनमध्ये आणि सावलीत. मग त्या प्रत्येकाची पूड करून थोडी उकळत्या पाण्यात, थोडी कोमट पाण्यात, थोडी स्पिरिटमध्ये भिजवायची, गाळायची आणि त्या अर्काचा जोर मोजायचा.

जोर मोजायची पद्धत मला फार आवडायची. एक गडद जांभळं द्रावण असतं. त्यात अर्काचे थेंब टाकले की जांभळा रंग उतरत जातो आणि शेवटी पिवळसर होतो. जितका जांभळा उतरेल तितका पाला ताकदीचा. रंग किती उतरला ते मशीन आकड्यात सांगतं. हे द्रावणही उजेडाला घाबरणारं, म्हणून मी त्याची बाटली काळ्या कागदात गुंडाळून कपाटात मागे ठेवायची आणि कोणी कपाट उघडं टाकलं की भांडायची.

आता भीती कशाची होती ते सांगते. माझे सर, म्हणजे गाइड, जूनच्या शेवटच्या तारखेला रिटायर होणार होते. थीसिस त्याआधी जमा झाली तर झाली. नाही झाली तर नवा गाइड शोधा, आणि आमच्या विभागात नवा गाइड म्हणजे नवा विषय, हे सगळ्यांना माहीत होतं. आधीच एकदा मुदत वाढवून घेतलेली. चार वर्षं गेली होती. माझ्या अख्ख्या घराण्यात कोणी एम.एस्सी.च्या पुढे गेलेलं नव्हतं, आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून आईनं शेजारपाजारी सांगून ठेवलं होतं की आमची पोरगी डॉक्टर होऊन राहिली, सुई टोचायची नाही, पुस्तकाची डॉक्टर. ती थीसिस बुडाली असती तर मी आमच्या गढा मोहल्ल्यात तोंड दाखवू शकले नसते.

ऊन आणि ओव्हनचं काम विभागातच होत होतं. सावलीचं मात्र अडलं. आमच्या वाळवणाच्या खोलीत वारा नावालाही नव्हता, पंख्याचा भरवसा नाही, आणि पहिल्याच टोपलीला दोन दिवसांत कुबट वास आला. सर म्हणाले, "घर में कोई हवादार कमरा है?" होता. गढ्यातल्या आमच्या घरात वरच्या मजल्यावर एक खोली, समोरासमोर दोन खिडक्या, दिवसभर वारा आरपार. ऊन म्हणाल तर एक कवडसाही नाही. सरांनी परवानगी दिली. "लेकिन छाँव मतलब छाँव, बेटा." मी मान डोलावली. कमानिया गेटजवळच्या बाजारातून मलमलचं कापड आणलं, चार खाटा उलट्यासुलट्या करून त्यावर ताणलं आणि खोलीचं वाळवणघर केलं.

इथे माझ्या आईची ओळख करून द्यायला हवी. आई तिसरीपर्यंत शिकलेली. मी बारावीत जाईपर्यंत ती घरी विड्या वळायची. तेंदूपत्ता भिजवायचा, पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं कापायचा, तंबाखू भरायचा, वळायचा, सुतानं बांधायचा. आठवड्याला ठेकेदार यायचा आणि एकेक जुडी उलटून बघायचा. पाला जरा दमट राहिला असेल तर विडीवर काळे डाग पडत. असल्या विड्यांना तो छाट म्हणायचा आणि बाजूला फेकायचा. आईची हजारो विड्यांची मेहनत त्या छाटीत गेलेली मी पाहिली आहे. त्यामुळे ओलाव्याचा तिला असा धसका होता की पावसाळ्यात ती आमच्या वह्यासुद्धा उन्हात ठेवायची. पान चिमटीत धरलं की किती ओल आहे ते तिच्या बोटांना कळायचं. माझ्याकडे त्यासाठी वजनकाटा होता.

मी तिला तीन गोष्टी सांगितल्या. ऊन नको, वीज येते-जाते म्हणून पंखाही नको, सकाळ-संध्याकाळ हलक्या हातानं पाला खालीवर कर.

"अच्छा," ती म्हणाली. "बस, इतकंच?"

"इतकंच. पण नीट."

"चलो, हो गया. तू जा. मी पाहून घेईन."

मी सकाळी फार लवकर निघायची, कारण विभागात दहाला वीज जायची आणि त्याआधी मशीन तापून रीडिंग व्हायला हवं. अधारतालला पोचायला टेम्पो बदलावा लागे. म्हणजे सकाळभर पाल्याजवळ आई एकटी.

पहिली खेप आठ दिवसांत वाळली. हिरवागार पाला, जणू आत्ता तोडलाय. पूड केली, अर्क काढला, आणि द्रावणातला जांभळा रंग बघता बघता उतरला. ऊन आणि ओव्हनच्या पाल्याला सावलीनं कुठल्या कुठे मागे टाकलं. त्यातही स्पिरिटचा अर्क सगळ्यात जोरदार, कोमट पाण्याचा त्याखालोखाल, आणि खळाखळा उकळलेला सगळ्यात मागे. सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "बढ़िया." सर बढ़िया वर्षातून दोनदा म्हणत. पण एका खेपेवर कोणी विश्वास ठेवत नाही, तीन तरी लागतात. मी दुसरी खेप तोडून आणली.

दुसऱ्या खेपेच्या वेळी अवकाळी आला. मेच्या सुरुवातीला गारा पडल्या, दोन दिवस आभाळ खाली आलं, खिडक्यांतून दमट वारा. अर्धवट वाळलेला पाला पुन्हा मऊ पडला. मी खोलीत उभी राहून अक्षरशः हात चोळत होते. आई दाराशी उभी होती. "होईल, होईल," म्हणाली. आणि खरंच झालं की! आठ दिवसांऐवजी सातव्याच दिवशी पाला कुरकुरीत. रंग जरा फिका वाटला, पण मी स्वतःला सांगितलं, पावसानं झालं असेल. खरं म्हणजे इथेच मला शंका यायला हवी होती. पावसात पाला लवकर कसा वाळेल? पण माणूस घाईत असला की त्याला जे हवं ते पटतं. मी आनंदानं डबे भरले. तिसरी खेपही अशीच, सातव्या दिवशी तयार.

जून उजाडला आणि मी दोन्ही खेपांचे अर्क एकदम लावले. दुसऱ्या खेपेच्या नळीत जांभळा रंग तसाच बसून राहिला, ढिम्म. तिसऱ्यात थोडा उतरला. पहिली इकडे, दुसरी तिकडे, तिसरी अधेमधे. त्याच झाडांचा पाला, एकच खोली, एकच हात, आणि तीन तऱ्हेचे आकडे. 

पुन्हा केलं. तेच. नळ्या धुतल्या, सुकवल्या, पुन्हा धुतल्या. नवं द्रावण बनवलं. स्पिरिटची नवी बाटली फोडली. वजनकाटा तपासला. तेच. मध्येच बत्ती जायची आणि मशीन बंद पडायचं, मग ते पुन्हा तापेपर्यंत मी स्टुलावर बसून कॅलेंडरकडे बघायची. चोवीस दिवस उरले, तेवीस, बावीस. जेवण जाईना. टेम्पोत बसले की मनातल्या मनात सगळ्या पायऱ्या पुन्हा मोजायची आणि एकदा तर माझा थांबाच मागे गेला.

सरांनी आकडे पाहिले आणि कागद माझ्याकडे परत सरकवला. मग म्हणाले, "हाथ साफ नहीं है, मैडम." म्हणजे माझं काम चोख नाही. चार वर्षं ते मला बेटा म्हणत होते. त्या मैडमनं मला जे लागलं ते शिवीनं लागलं नसतं. सावलीचे आकडे बसत नसतील तर थीसिसमध्ये उरतं काय? सगळा डोलारा त्याच एका गोष्टीवर उभा होता, की सावलीतला पाला सरस. आणि माझाच सावलीतला पाला तीन वेळा तीन गोष्टी सांगत होता.

त्या दिवशी दुपारीच घरी आले आणि जिन्याच्या पायरीवर बसून रडायला लागले. रडणं माझ्या स्वभावात नाही, त्यामुळे आई घाबरलीच. हातातलं काम टाकून आली. "अवो माय, काहून रडून राहिली? काय झालं?"

"पाला खराब निघाला. दोन्ही खेपा. सगळं गेलं."

आई माझ्या शेजारी बसली. माझ्या पाठीवरून हात फिरवत, समजूत घालत म्हणाली, "खराब कसा निघन? उगीच घाबरते. मी त्याले रोज ऊन दाखवून राहिली होती ना."

मला आधी कळलंच नाही. मी डोळे पुसत म्हटलं, "काय?"

"ऊन. गच्चीवर. पावसानं मऊ पडला होता, बुरशी धरली असती. तुले टेन्शन नको म्हणून नाही सांगितलं. जरासंच दाखवत होती, वरून लुगडं झाकून."

तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आजही दिसतं. अभिमान होता. गुपचूप केलेलं चांगलं काम उघड करताना असतो तसा. आणि मी उभी राहिले आणि म्हणाले, "तुझ्या अडाणीपणानं माझी चार वर्षं मातीत गेली."

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी थांबले नाही. म्हणाले, तीन गोष्टी सांगितल्या होत्या, तीन, त्याही तुझ्या डोक्यात राहिल्या नाहीत. म्हणाले, तुला काय समजतं यातलं, विड्या आहेत का त्या? शेजारच्या घराची खिडकी उघडी होती.  पाठीवरचा आईचा हात मी उठले तेव्हाच खाली पडला होता, तो तिनं मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हातानं धरून बसली.

दुसऱ्या दिवशी टेम्पोत माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. सांगू की नको? दोन खेपा टाकून देऊन एकच दाखवावी तर ती मान्य होणार नाही. तिन्ही दाखवून गप्प बसावं तर निष्कर्षच निघत नाही. आणि एक तिसरा रस्ता होता, तो लिहायलाही लाज वाटते. पहिल्या खेपेची पूड डब्यात शिल्लक होती. तीच तीन डब्यांत घालून तीन खेपा म्हणून लावली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. अधारतालची दुकानं दिसायला लागेपर्यंत मी त्या रस्त्यावर बरंच लांब जाऊन आले होते. मग सरांच्या खोलीत गेले आणि एका दमात खरं सांगून टाकलं. धैर्य वगैरे काही नव्हतं. खोटं बोलून पकडली जाण्याची भीती जास्त मोठी होती, एवढंच.

सरांचा चेहरा लाल झाला. टेबलावरचा पेन उचलून त्यांनी आपटला. "छाँव मतलब छाँव कहा था मैंने." मी खाली बघत उभी.  मग त्यांनी माझे आकडे पुन्हा पुढे ओढले, त्यावर बोट फिरवलं आणि आवाज बदलून विचारलं, "कितने दिन रखा धूप में? कितनी देर? दोनों बार बराबर?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं, नुसती ओरडले होते.

"तो जाओ, माँ से पूछो. एक-एक दिन का लिखकर लाओ. अगर धूप और नंबर का मेल बैठता है, तो तुम्हारा हाथ ठीक है. नहीं बैठता, तो फिर मैं कुछ नहीं कर सकता."

आता सगळं आईवर येऊन ठेपलं. आदल्या दिवशी जिला अडाणी म्हटलं तिच्यावर.

घरी येऊन मी शक्य तितक्या गोड आवाजात विचारलं, "आई, पाला किती दिवस उन्हात ठेवला होता?"

आई तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, "कुठं ठेवला? नाही ठेवला मी."

"अगं, काल तूच म्हणालीस."

"असंच म्हटलं. तू रडत होती म्हणून. मी कशाले ठेवीन उन्हात? तू नाही म्हटलं होतं ना."

 मला समजलं ती काय करतेय. तिला वाटत होतं, आपण कबूल केलं की पोरीची डिग्री जाणार. कोणीतरी कागदावर लिहून घेणार की आईनं पाला बिघडवला. म्हणून तिच्या लेखी तो पाला उन्हात ठेवलाच नव्हता, आणि आता ब्रह्मदेव आला तरी ती ठेवला म्हणणार नव्हती. दोन दिवस मी तिच्या मागे मागे फिरले. विनवलं, समजावलं, एकदा पुन्हा चिडले. "नाही ठेवला," एवढंच उत्तर. अठरा दिवस उरले होते.

तिसऱ्या दिवशी मी खोटं बोलले. तिच्यासमोर बसले आणि म्हटलं, "आई, सर खूश झालेत. म्हणाले, हे तर फार कामाचं झालं. थोडं ऊन दाखवलेला पाला कोणी तपासलाच नव्हता. पण त्यांना बरोबर हिशेब पाहिजे."

आईनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. "खरं सांगून राहिली?"

"खरं."

"मले बोलणार नाहीत ना ते?"

"नाही गं."

मग तिनं सांगितलं, आणि काय सांगितलं! वही नाही, घड्याळ नाही, पण एक दिवस चुकला नाही. सकाळी नळाचं पाणी गेलं की ती पाला गच्चीवर न्यायची आणि बाबांच्या कारखान्याचा दुसरा भोंगा झाला की खाली आणायची. म्हणजे साधारण एक तास. दुसऱ्या खेपेला चार दिवस. "गारांनंतर आभाळ उघडलं त्या दिवसापासून. एक दिस नळच आला नाही, तवा अंदाजानं ठेवला, जरा जास्तच झाला असन." आणि तिसरी खेप? "तिले दोनच दिस. मंग बुद्धजयंती आली ना. विहारात खीर होती, मी सकाळपासून तिकडंच. तो पाला तसाच राहिला बिचारा."

पहिलीला एकही दिवस नाही, कारण तेव्हा पाऊस नव्हता आणि तिला भीती वाटली नव्हती.

मी वहीत उतरवत गेले आणि माझ्या डोळ्यांसमोर आकडे आपोआप रांगेत उभे राहिले. ऊन शून्य, जोर सगळ्यात जास्त. ऊन दोन दिवस, जोर मधला. ऊन चार दिवस, जोर सगळ्यात कमी. इतकं चोख की मी पुन्हा एकदा मोजून पाहिलं. माझा हात साफ होता. मशीन बरोबर होतं, द्रावण बरोबर होतं, पाला खरं तेच सांगत होता. मला एवढं हलकं वाटलं की मी वही मिटली आणि चपला घालून पळतच टेम्पो पकडला. आईला काही म्हणायचं राहून गेलं. नंतर म्हणू, असं तेव्हा वाटलं.

सरांनी वही दोनदा वाचली. नळ आणि भोंगा वाचून मिशीतल्या मिशीत हसले. "माँ जी का रिकॉर्ड तुमसे अच्छा है, बेटा." बेटा ऐकलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पण सुटका इतक्यात नव्हती. दुसरी आणि तिसरी खेप वेगळ्या ओळीत जाणार, 'छाया, बीच-बीच में धूप' म्हणून. निखळ सावलीच्या दोन खेपा पुन्हा वाळवाव्या लागणार, एकाच वेळी, आणि पावसाळा केव्हाही दारात.

ते नऊ दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. दिवसातून दहा वेळा आभाळाकडे बघायची.  विभागातून घरी शेजारच्यांच्या फोनवर फोन करून विचारायची, दमट वाटतं का, वास येतो का. आई निरोप पाठवायची, "तूच येऊन पाहा." खोलीत ती पाऊल टाकेना. पाला खालीवर करायला सांगितलं तर म्हणाली, "नको बाप्पा, माझा हात नको त्याले." मला तेव्हा वाटलं, बरंच झालं, धोका टळला. असंच वाटलं, खोटं कशाला लिहू. दोन्ही टोपल्या वाळल्या, रंग हिरवा, रीडिंग पहिल्या खेपेशी जुळलं, आणि सर रिटायर व्हायच्या दोन दिवस आधी मी थीसिस जमा केली. आभाराच्या पानावर सगळे लिहितात तेच लिहिलं, आईवडिलांच्या आशीर्वादानं. एका तक्त्यात ती ओळ आहे, बीच-बीच में धूप. ती कोणी दाखवली ते कुठेच लिहिलेलं नाही.

डिग्री झाली. पेढे वाटले. आई शेजारणींना म्हणत होती, पुस्तकाची डॉक्टर झाली आता. मी धरून चालले की ती सगळं विसरली. सर खूश झाल्याचं मी सांगितलेलं तिनं खरं मानलं असेल, आणि तिच्या पाल्याचं काहीतरी कामी आलं म्हणून ती मनात सुखीच असेल.

पुढच्या उन्हाळ्यात तिनं मुगाच्या वड्या घातल्या. दरवर्षी घालायची. मी खाली पेपर वाचत होते. ती ताट घेऊन जिन्याशी थांबली आणि म्हणाली, "ह्याले ऊन चालते का?"

मला वाटलं, चेष्टा करतेय. मी हसून वर पाहिलं. ती हसत नव्हती. जन्मभर वाळवणं घातलेली बाई मला खरंच विचारत होती.

"चालतं की गं," मी म्हटलं. "वड्यांना काय होतंय?"

ती वर गेली. थोड्या वेळानं उतरून आली, ताट घेऊनच. मी वडी उचलून पाहिली, बोटाला चिकटली. "आई, अजून ओल्या आहेत."

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "पण तू सांगशील तितकंच ऊन देतो मी आता. सांग, किती वेळ ठेवू?"

ताट दोन्ही हातांत धरून ती उभी होती, आणि वडीचं ओलं पीठ माझ्या बोटाला तसंच चिकटलेलं होतं.